आडवा पाय, उभा पाय: भरत नसलेल्या एका जखमेचं प्रकरण

आमच्या ड्रेसिंग रूममध्ये हिरव्या पुठ्ठ्याचं एक लांबडं रजिस्टर आहे. तारीख, केसपेपर नंबर, नाव, वय आणि शेवटी ‘शेरा’, एवढेच त्याचे रकाने. या प्रकरणातल्या रुग्णाच्या नोंदी मी एका दुपारी मागे जाऊन मोजल्या. सात महिन्यांत तो ६१ वेळा आला होता आणि ६१ वेळा शेऱ्यात एकच मजकूर होता: ‘ड्रेसिंग केले.’ निम्म्याहून जास्त नोंदी माझ्याच अक्षरातल्या.

रुग्ण पुरुष, वय ५४, इचलकरंजीच्या पट्ट्यातला यंत्रमाग कामगार. (ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत.) त्यांना आम्ही मामा म्हणतो, म्हणून इथेही मामाच. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सहा माग एकट्याने सांभाळायचे, सुताची कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की जोडायचा, मजुरी मीटरवर. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथली माणसं मागासमोर उभीच आहेत.

जखम डाव्या पायाला, घोट्याच्या वर आतल्या बाजूला. अडीच वर्षांपूर्वी बीम (सूत गुंडाळलेला मागाचा जड रूळ) ढकलताना लोखंडी कड घासली आणि नखाएवढं सोललं. आधी कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी आणि हळद झाली. मग शेडमधल्या कुणीतरी तंबाखू दाबायला सांगितली. मग मेडिकलमधून मलम, दोन खाजगी दवाखाने, इंजेक्शनं, अँटिबायोटिकचे निदान पाच कोर्स. आमच्याकडे पोचले तेव्हा जखम तळहातभर झाली होती. कडा उतरत्या, तळ कुठे लाल तर कुठे पिवळट बुळबुळीत, आणि पाणी इतकं यायचं की पायजम्याचा खालचा भाग कायम ओला. रातपाळीत शेजारच्या मागावरचा माणूस वासामुळे जागा बदलून घेतो, हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं.

आठवड्यातून दोनदा आमच्याकडे आणि एरवी घरी मामींच्या हातून, असं ड्रेसिंग रोज चालायचं. पद्धत ठरलेली. गॉज ओढून काढायचा. सुकून चिकटलेला असला की रक्त यायचं, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस आला की ‘घाण निघाली’ असं मानायचं, मग बेटाडीन, कोरडा गॉज, पट्टी. जखम ओलसर राहिली तर त्वचा लवकर चढते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं. आम्ही नर्सिंगला ते शिकलोही होतो. पण ड्रेसिंग रूममध्ये सकाळी चाळीस माणसं रांगेत असली की हात जुन्या वळणानेच चालतात.

डोक्यात सगळ्यांच्या एकच शंका, साखरेची. न भरणारी जखम दिसली की आपल्याकडे पहिला शब्द शुगर. मामांची साखर चार वेळा तपासली आणि चारही वेळा ती ठीक निघाली. हिमोग्लोबिन मात्र ९.८. त्यामागे पथ्य होतं. पू होतो म्हणून वर्षभर अंडी बंद, बटाटा बंद, भात बंद. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, अंडी-शेंगदाणे खायला सांगितले. पण जखमेने त्याचीही दखल घेतली नाही.

दिवाळीत काय झालं

दिवाळीला माग थांबतात आणि बाहेरगावचे कामगार घरी जातात. मामा जत तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. तिथे भावाने कामाला हात लावू दिला नाही. अठरा दिवस ओसरीतल्या बाजेवर, पाय गाठोड्यावर टाकून पडून होते. ड्रेसिंगचं सामान तिसऱ्याच दिवशी संपलं, म्हणून मामी धुतलेल्या जुन्या लुगड्याची पट्टी तीन-चार दिवसांनी बदलत होत्या.

परत आले ते आधीच कबुली देत. “सिस्टर, बोलू नका बरं का. ड्रेसिंग लई चुकलंय.”

मी बोलायच्या तयारीतच होते. जखम उघडली आणि गप्प झाले. दिवाळीआधी तिच्यावर दहा सेंटिमीटरचा गॉजचा अख्खा चौकोन लागायचा. आता तो एका बाजूने कापून लावावा लागला. पाणी कमी, वास जवळजवळ नाही, तळ लाल. आम्ही नेमाने सगळं केलं तेव्हा जी जखम हलली नाही, ती आम्ही काहीच केलं नाही तेव्हा आक्रसली होती.

या अठरा दिवसांत वेगळं काय झालं याचा विचार करताना उत्तर एकच येत होतं: मामा उभे नव्हते. आणि मग लक्षात आलं की आम्ही त्यांना कधी उभं पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे रुग्ण आत येतो तो थेट टेबलावर चढतो, आडवा होतो, पायजमा जखमेपुरता वर सरकवतो. दिवसाचे बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाचा पाय आम्ही सात महिने फक्त आडवा बघत होतो.

मी त्यांना खाली उतरवलं, पायजमा मांडीपर्यंत वर घ्यायला लावला आणि पाच मिनिटं नुसतं उभं केलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूने पोटरीपर्यंत करंगळीएवढी जाड, वेडीवाकडी शीर हळूहळू भरत वर आली. झोपल्यावर ती रिकामी होते, म्हणून दिसत नाही. बाकीच्या खुणा तर कायम समोरच होत्या. घोट्याभोवती तांबूस-काळपट डाग: शिरांतल्या दाबाने रक्तपेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतलं लोह त्वचेत साठतं. घोट्यावरची कातडी लाकडासारखी घट्ट, त्यावर पोटरी फुगलेली, त्यामुळे पायाचा आकार उलट्या धरलेल्या बाटलीसारखा. जखमेभोवती खाज आणि खवले. मेडिकलमधल्या अँटिबायोटिक मलमाची ती ॲलर्जी असावी. असल्या पायांना ती पटकन होते. हे सगळं आम्ही ‘जुनी जखम आहे, कातडी खराब होणारच’ म्हणून सोडून दिलं होतं.

यामागचं यंत्र सोपं आहे. माणूस उभा असताना घोट्याजवळच्या शिरांत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, म्हणजे हृदयापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचं वजनच. चालताना पोटरीचा स्नायू शिरा पिळतो, रक्त वर जातं, झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि दाब ३०च्या आसपास उतरतो. मामांच्या झडपा निकामी होत्या, त्यामुळे पिळलेलं रक्त परत खाली. त्यात माग चालवणाऱ्याचं चालणं म्हणजे दोन पावलं इकडे, दोन तिकडे, टाच न उचलता. एवढ्या दाबाखाली द्रव बाहेर झिरपत राहतो, कातडी उपाशी राहते, आणि नखाएवढं सोललेलं तळहातभर होतं. त्यावर बेटाडीन लावणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणं.

पट्टी बांधण्याआधी

यावर उपाय दाबाचा: पायाच्या बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट पट्टी, घोट्याला साधारण ४० मिलिमीटर आणि वर जाताना कमी. पण त्याच दिवशी पट्टी गुंडाळण्याचा मोह मी टाळला, आणि या प्रकरणात माझ्याकडून वेळेवर झालेली ही एकमेव गोष्ट. मामांनी वीस वर्षं विड्या ओढल्या होत्या. विड्यांनी पायाच्या धमन्या अरुंद होतात. पायाला मुळात रक्त कमी पोचत असेल आणि त्यावर आपण घट्ट पट्टी आवळली, तर जखम राहते बाजूला, पाय जातो.

म्हणून घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढायचं. त्यासाठी डॉप्लर लागतो, ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र. आमच्याकडे होता तो प्रसूती विभागातला, बाळाचे ठोके ऐकायचा. तो इथे चालत नाही. त्याची कंप्रता २-३ मेगाहर्ट्झ असते, पायाच्या वरवरच्या धमनीसाठी ८च्या आसपासचा प्रोब लागतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या सर्जन सरांनी आपला आणला. मामांना पंधरा मिनिटं झोपवून ठेवलं, दोन्ही दंडांचा दाब घेतला, मग जखमेवर प्लॅस्टिक गुंडाळून घोट्यावर पट्टा चढवला. दंडाचा जास्तीचा आकडा १३४, डाव्या घोट्याचा १४०. गुणोत्तर १.०४. हे ०.८ ते १.३ या पट्ट्यात असेल तर पूर्ण दाबाची पट्टी देता येते. ०.५च्या खाली असेल तर पट्टीचं नाव काढायचं नाही, रुग्णाला ताबडतोब रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवायचं. १.३च्या वर आकडा आला तरी हुरळून जायचं नाही. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि यंत्र खोटा मोठा आकडा दाखवतं.

मिरजेला कलर डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी झाली. जांघेजवळची मुख्य झडप निकामी, खोल शिरा मोकळ्या, गुठळी नाही. जखमेची एक कड थोडी उचललेली दिसत होती म्हणून सरांनी तिथला तुकडा तपासणीला पाठवला, कारण वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या जखमेत कधीकधी कर्करोग उगवतो. अहवाल साफ आला.

त्या दिवशी पहिल्यांदा जखम मोजली. एक्स-रेच्या पातळ पिशवीचा स्वच्छ तुकडा ठेवून मार्करने कड गिरवली, तो आलेखाच्या कागदावर धरून चौकोन मोजले: ३१ चौरस सेंटिमीटर. वेदना विचारल्या. दहापैकी किती, हे मामांना जमेना. “दहात काय सांगू? रुपयात बारा आणे म्हणा.” मी केसपेपरवर तसंच लिहिलं. पुढे प्रत्येक वेळी आण्यांतच मोजलं.

आठ दिवस बंद?

दाबाच्या पट्टीची खरी अडचण वेगळीच निघाली. ती आधी आठवड्यातून दोनदा आणि पाणी कमी झालं की आठवड्यातून एकदाच बदलायची असते. मामांना हे ऐकवेना.

“सिस्टर, आठ दिस बंद ठेवायचं म्हंजी आत किडं पडतील की.”

मामी त्यांच्याहून नाराज. अडीच वर्षं त्यांनी रोज जखम धुतली होती, आता हात लावू नका सांगणं म्हणजे त्यांच्या सेवेला नाव ठेवल्यासारखं. त्यांना आकडेवारी देऊन काही झालं नसतं. मी दिवाळीची आठवण करून दिली. “मामी, गावाला तुम्ही चार-चार दिवस लुगड्याची पट्टी सोडली नव्हती, तेव्हाच ती भरायला लागली.” त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “ते लुगडं माझ्या आईचं हुतं.” पण तयार झाल्या. पुढच्या खेपेला त्यांनाच पट्टी गुंडाळायला शिकवलं.

बांधणी अशी. कोमट पाण्याच्या बादलीत, आत स्वच्छ प्लॅस्टिक घालून, पाय पोटरीपर्यंत धुवायचा. खवले तेलकट मलमाने मऊ करून काढायचे. भोवतालच्या कातडीला झिंक ऑक्साइडची पेस्ट. जखमेवर न चिकटणारी पॅराफिनची जाळी आणि वर जाड शोषक पॅड, बस. बेटाडीन नाही, पेरॉक्साइड नाही, अँटिबायोटिक मलम तर मुळीच नाही. मग प्लास्टरखाली घालतात तो कापसाचा सॉफ्ट रोल, आणि त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या (शॉर्ट-स्ट्रेच) दोन पट्ट्या. मेडिकलमधली साधी क्रेप पट्टी संध्याकाळपर्यंत ढिली पडते, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९८०च्या दशकात चार थरांची पट्टी विकसित झाली आणि तिच्याभोवती नर्सनी चालवलेले पायाच्या जखमांचे दवाखाने उभे राहिले. आमची बांधणी तिची गरीब बहीण, पण या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरता येतात, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या माणसाला ते परवडतं.

पाऊल पोटरीशी काटकोनात ठेवायचं, बोटांच्या मुळापासून सुरुवात, प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्या रुंदीवर, ताण खालपासून वरपर्यंत सारखा. वर जाताना हात सैल सोडायची गरज नसते. ताण तोच असला तरी बारीक घोट्याला दाब जास्त बसतो आणि जाड पोटरीला कमी. हा लाप्लासचा नियम. आणि याच नियमाने मला फटका दिला.

पहिल्या दहा दिवसांत मामांची सूज झपाट्याने उतरली. पाणी कमी झालं, मी खूश. पण सूज उतरली म्हणजे पाय बारीक झाला, आणि त्याच ताणाने बांधलेल्या पट्टीचा दाब वाढला. घोट्याचा घेर १८ सेंटिमीटरच्या आत आला की कापूस वाढवून तो भरून काढायचा असतो. मी फक्त पहिल्या दिवशी घेर मोजला होता. तेराव्या दिवशी मामा लंगडत आले. रातपाळीत पावलाच्या वर ठणका लागला म्हणून शेडमधल्या कात्रीने पट्टी कापली होती. पावलाच्या वळणावर, जिथे स्नायूची दोरी वर येते, तिथे दोन रुपयांच्या नाण्याएवढा फोड. तो माझ्या पट्टीचाच.

ते माफी मागत होते, पट्टी खराब केली म्हणून. पण पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं की बोटं निळी-गार पडली, मुंग्या आल्या किंवा ठणका वाढत गेला तर कापून टाका, आम्हाला विचारत बसू नका. एवढं एक वाक्य आठवणीने सांगितलं होतं म्हणून फोडावरच निभावलं. चार दिवस पट्टी थांबवली, मग वळणावर जादा कापूस घालून पुन्हा सुरू. तेव्हापासून केसपेपरवर प्रत्येक खेपेला घोट्याचा घेर लिहिला जातो.

बाकी अडचणी किरकोळ पण हट्टी. पट्टीवर चप्पल जाईना, मग वेलक्रोच्या रुंद सँडल घेतल्या. शेडमधली रुई पट्टीला चिकटून ती केसाळ दिसायची, म्हणून वरून मामींनी जुन्या बनियनची नळी शिवली. पाय हृदयापेक्षा उंच ठेवा हे सांगायला सोपं, पण मामा जमिनीवर झोपतात, खाटेखाली विटा कुठून लावणार? अंथरुणाच्या पायथ्याखाली दोन वाकळा घडी करून घातल्या. पोटरीच्या व्यायामासाठी वेगळा वेळ मिळणं अशक्यच, म्हणून ठरलं, दर कांडीला पाच टाचा: कांडी बदलली की जागेवरच पाच वेळा टाच उचलायची. सहा माग म्हटल्यावर दिवसाला किती होतात ते मोजायला नको. शेडमधली पोरं हसायची. मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरने मात्र जेवणाच्या सुट्टीत सुताच्या पोत्यावर पाय टाकून बसायला आडकाठी केली नाही.

चार आठवड्यांनी जखम १८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४२ टक्के कमी. शिरांच्या जखमेत पहिल्या महिन्यात ४० टक्क्यांच्या आसपास घट दिसली तर ती पुढे भरेल असा अंदाज बांधता येतो. नाहीतर निदानाकडे पुन्हा वळायचं. बाराव्या आठवड्याला ५. वेदना दोन आण्यांवर. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पट्टीखाली घामोळं आलं आणि मामा सोडून द्यायच्या बेतात होते. तेवढे पंधरा दिवस आठवड्यातून दोनदा बोलावलं. विसाव्या आठवड्यात, मेच्या सुरुवातीला, पिशवीच्या तुकड्यावर गिरवायला कड उरली नाही.

आधीच्या सात महिन्यांत ६१ ड्रेसिंग, या वीस आठवड्यांत २७. प्रत्येक खेपेला येणं-जाणं आणि रांग धरून त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. आधीच्या ६१ खेपांत किती बुडली, हा हिशेब मी त्यांच्यासमोर कधी केला नाही.

पुढे

जखम भरली तरी झडप दुरुस्त झालेली नाही. सर्जन सरांनी डिसेंबरातच लेझरने शीर बंद करायचा सल्ला दिला होता. ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांवरच्या २०१८च्या अभ्यासात शीर लवकर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. २००४च्या दुसऱ्या एका अभ्यासात नुसती पट्टी घेतलेल्यांपैकी २८ टक्क्यांची जखम वर्षभरात पुन्हा उघडली, शस्त्रक्रियाही झालेल्यांत १२ टक्के. हे मी मामांना सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “दिवाळीत बघू. माग बंद असत्यात.” माझ्या मते ही चूक आहे, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. पण त्यांच्या आठवड्याच्या मजुरीवर तिघं जेवतात, हेही मला माहीत आहे.

तोवर दाबाचे मोजे: सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घालायचे, रात्री काढायचे. घट्ट मोजा पावलावर सरकत नाही. मामींनी त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीची युक्ती काढली. पावलावर गुळगुळीत पिशवी, त्यावरून मोजा, मग पिशवी बोटांकडून ओढून घ्यायची. त्यासाठी पुढे उघड्या बोटांचा मोजा लागतो. आता आम्ही सगळ्यांना तेच सांगतो.

रजिस्टरमध्ये मी फूटपट्टीने रेघा मारून तीन रकाने वाढवलेत: क्षेत्रफळ, घोट्याचा घेर, ‘उभं करून पाहिलं का’. पहिले दोन बऱ्याचदा रिकामे असतात, गर्दीच्या दिवशी तर असतातच. तिसरा भरला जातो, कारण त्याला नुसती खूण लागते. ती खूण खरंच रुग्णाला उभं करून केलेली असते की नाही, हे मी अधूनमधून पडद्याआडून बघते.

जूनमध्ये मामा आले ते मोजा घेऊन. मामींनी तो सोड्याच्या गरम पाण्यात धुतला होता, ताण पार गेला होता. जखमेच्या जागी कातडी पातळ, गुलाबी, शाबूत. नवा मोजा पुढच्या पगाराला घेणार म्हणाले. तोवर मी कपाटातली जुनी पट्टी काढली, घेर मोजला, साडेसतरा भरला, आणि कापूस जरा जास्त घालून बांधून दिली.